सपाट पोटाच्या धन्यास

९ जानेवारी

सपाट पोटाचे धनी, शिस्तीचे महामेरू, आमचे धाकटे बंधुराज यांस,

पार्सल पोचलं. ट्रॅकपँट आहेत, टी-शर्ट आहेत, आणि सोबत कागदाचा एक कपटासुद्धा नाही. वर्षभरात तुला बहिणीची आठवण झाली नाही, पण कमरेला दोन बोटं सोडायची वेळ आली तेव्हा पत्ता घरनंबरासकट बरोबर आठवला. कुठे किती सोडायचं त्याच्या खडूच्या खुणा तेवढ्या केल्या आहेस. त्या तुझ्याच हातच्या आहेत हे लगेच कळलं, कारण तुला जन्मात कधी सरळ रेघ मारता आली नाही.

तुमच्या त्या मोठ्या शहरात शिंप्यांचा तुटवडा असेल असं मला वाटत नाही. पण तुझी अडचण मी समजू शकते. व्यायामाच्या हॉलवर स्वतःचं उघडं पोट दोन मजले उंच टांगायचं, त्याखाली 'लोंबतं ते शरीर नसतं, लोंबतो तो आळस' असं लिहायचं, आणि त्याच पोटाची पँट कोपऱ्यावरच्या शिंप्याकडे सैल करायला टाकायची, हे जरा जड जाणार. शिंपी बोलतात. मी याच धंद्यातली आहे, तेव्हा मला माहीत आहे. माझ्या दुकानात निम्मी गिऱ्हाइकं कपडे सैल करायला येतात आणि निम्मी घट्ट करायला, आणि पुष्कळदा तीच माणसं फिरून फिरून येत असतात.

मी मात्र बोलणार नाही, याची तुला खात्री आहे. तुझ्या पोटावर सुरी फिरली हे तुला, त्या सर्जनला आणि मला सोडून कुणाला ठाऊक नाही. तुझ्या भाऊजींना तू हर्नियाचं ऑपरेशन म्हणून सांगितलं होतंस. ते बिचारे अजून अधूनमधून विचारतात, बारक्याच्या हर्नियाचं कसं आहे म्हणून.

दुकानामागच्या खोलीत तू पडून होतास. माझी लेक ठकी तेव्हा शिकायला वसतिगृहात होती, म्हणून ती खोली मोकळी. पोटातून दोन नळ्या बाहेर आलेल्या, त्यांच्या टोकाला बाटल्या, आणि सकाळ-संध्याकाळ त्या रिकाम्या करायला मी. पोट आवळून धरणारा पट्टा तुला टोचायचा, म्हणून त्याला आतून मऊ कापड लावून दिलं तेही मीच. टाके ताणू नयेत म्हणून कमरेत वाकून चालायचास. भिंत धरून म्हणायचास, "ताई, हे कुणाला कळता कामा नये." मी म्हटलं, नाही कळणार. आणि नाहीच कळलं.

मग तुझ्या हॉलचं उद्घाटन झालं. मला आणायला गाडी पाठवलीस. मला वाटलं, भाऊ मोठा झाला, आता चारचौघांत बहिणीचं कौतुक करील. केलंस की. हाताला धरून स्टेजवर उभं केलंस आणि माइकवर म्हणालास, "ही माझी सख्खी बहीण. आम्ही एका घरात, एका ताटात जेवून वाढलो. आता दोघांकडे बघा आणि फरक कशाचा आहे ते तुम्हीच ठरवा." लोकांनी टाळ्या वाजवल्या. फरक सर्जनचा आहे असं मी काही माइकवर म्हणाले नाही. मला त्या गोष्टीचं वाईटही वाटलेलं नाही, उगाच गैरसमज नको.

असो. कपडे परत पाठवतेय. पँटी कमरेला सोडल्या आहेत. टी-शर्टांना दोन्ही बाजूंनी त्याच रंगाच्या पट्ट्या घातल्या आहेत, कॅमेऱ्यात दिसणार नाहीत. माझं काम मी नीट करते.

आता जे विचारायला पेन हातात घेतलं ते विचारते. ठकी रोज सकाळी फोनवर तुझा क्लास करते, हे तुला माहीत आहेच. शिक्षण संपवून घरी आल्यापासून तिने एकही दिवस चुकवलेला नाही. पार निम्मी झाली आहे पोरगी. पोट सपाट झालं की पुढच्या पोस्टरवर तुझ्याशेजारी तिचा फोटो लावणार, असा तू तिला शब्द दिला आहेस म्हणे.

तुझं पोट कशाने सपाट झालं, हे तू तिला सांगितलं आहेस का?

ताई

२० फेब्रुवारी

बारक्या,

प्रश्नाला उत्तर नाही. पार्सल मात्र आलं. मी उकललं तर तेच कपडे, मी सोडलेले, आणि आता खडूच्या खुणा आतल्या बाजूला. म्हणजे मधल्या काळात साहेब उपाशी राहिले आणि खाली उतरले. पुढच्या महिन्यात पुन्हा वर चढशील आणि पुन्हा सोडायला पाठवशील. मला त्रास नाही, पण कापडाला आहे. एकाच शिवणीत सुई तरी किती वेळा घालायची? भोकं दिसायला लागली आहेत.

काल ठकी दुकानात आली. तिची जीन्स कमरेत आत घ्यायची होती. ट्रायलच्या पडद्यामागे तिने ती चढवली आणि मला आत बोलावलं. एरवी ती मला आत येऊ देत नाही. काल का बोलावलं कोण जाणे. मी टाचण्या घेऊन गेले, आणि तिने टी-शर्ट वर केला.

तू तुझं स्वतःचं आठव. ऑपरेशनच्या आधीचं. वजन तू खरोखर घटवलं होतंस, घाम गाळून घटवलं होतंस, ते श्रेय मी कुणाला तुझ्याकडून काढून घेऊ देणार नाही. पण वजन गेल्यावर जी कातडी मागे राहिली ती तू घडी घालून पँटमध्ये खोचायचास, आणि मी तुझ्या पँटी उंच कमरेच्या करून द्यायचे. ठकीचं आज अगदी तसंच आहे. ओटीपोटावर मऊ, रिकामी घडी, आणि तिच्याखाली लाल झालेली रेघ. एवढ्या लहान वयात इतकं वजन इतक्या भराभर उतरवल्यावर दुसरं काय होणार?

ती म्हणाली, "आई, मामा माझ्यापेक्षा जाड होता. त्याचं गेलं, मग माझंच का राहिलं?"

मी म्हटलं, कातडी आहे ती. आतलं भरलेलं गेलं आणि वरचं राहिलं. ते व्यायामाने आत जात नाही.

"कातडी नाही, आळस आहे," ती म्हणाली. तुझ्याच सुरात म्हणाली, शेवटचा शब्द तू ओढतोस तसा ओढून. मग कातडी चिमटीत धरून तिने अशी पिरगाळली की मला तिचा हात धरावा लागला.

तिचं जेवण म्हणजे काय ते सांगते. सकाळी काही नाही. दुपारी काकडी आणि एक उकडलेलं अंडं, त्यातला पिवळा बलक बाजूला. संध्याकाळी पाणी. तुझ्या त्या गटात सगळे आठवड्याला वजनाच्या काट्याचा फोटो टाकतात ना, त्याच्या आदल्या दिवशी पाणीसुद्धा नाही. भाऊजी टेबलाशी बसून तिला काहीबाही आग्रह करत राहतात आणि ती हसून उठून जाते. तिचे केस गळतात, ते मोरीच्या जाळीतून मी काढते.

तिला एक फोन कर. "ठके, माझं पोट व्यायामाने गेलं नाही, कापून टाकलं," एवढंच सांग. हॉलच्या पोस्टरवर लिहू नकोस, गटात टाकू नकोस. ज्यांनी तुझ्या स्टेजवर टाळ्या वाजवल्या त्यांच्याशी मला देणंघेणं नाही. ते तुझ्यासारखेच आहेत, त्यांना तूच हवास. मला माझी मुलगी हवी आहे.

कपडे आत घेतलेत. जीन्सही घेतली, पण फार घट्ट केली नाही.

ताई

२६ मार्च

बंधुराज,

पत्र आलं. तीन पानं भरून! शाळेत निबंधाचं पान भरताना तुझ्या डोळ्यांत पाणी यायचं, आणि आता बघा. पहिल्या पानावर तुझं पोट, दुसऱ्या पानावर तुझं पोट, आणि तिसऱ्याच्या तळाशी ठकीसाठी एक ओळ: 'पोरगी जिद्दी आहे, तिचं मन मोडू नकोस.' मी ती ओळ भाऊजींना वाचून दाखवली. ते उठून बाहेर गेले आणि बराच वेळ आत आले नाहीत.

तुझं दुःख मला नीट कळलं आहे ना ते बघ. सर्जनने जी बेंबी नवी करून बसवली होती ती ताणून आडवी झाली आहे. ऑपरेशनच्या खुणेची रेघ रुंद झाली आहे. वजन चढलं की त्या रेघेच्या वर पोट फुगतं, उतरलं की तिथेच पुन्हा घडी पडते, आणि दंडावर, पाठीवर जिथे कधी काही नव्हतं तिथे आता जमायला लागलं आहे. कॅमेऱ्यासमोर तू श्वास आत ओढून क्लास घेतोस. म्हणून सगळं पुन्हा उघडून नीट करून घ्यायचं आहे. नव्या डॉक्टरने सांगितलं, आधी सहा महिने वजन एका जागी ठेवून दाखवा, मग बघू. तर तू आता हे न विचारणारा डॉक्टर शोधतो आहेस. आणि तो सापडला की ताईने यावं, मागच्यासारखं तुझ्यापाशी राहावं, कारण तुझा दुसऱ्या कुणावर विश्वास नाही.

इतकी निर्लज्ज विनंती मी आजवर ऐकली नव्हती. विश्वास म्हणे.

पहिल्या डॉक्टरकडे मी तुझ्याशेजारच्या खुर्चीत बसले होते. त्यानेही हेच विचारलं होतं, वजन स्थिर आहे का, किती महिने? तू छातीवर हात ठेवून म्हणालास, अगदी स्थिर. मी तुझ्याकडे पाहिलं तर टेबलाखाली माझा पाय दाबलास. त्याच आठवड्यात मी तुझी पँट पुन्हा एकदा आत घेतली होती. डॉक्टर भला माणूस, त्याने कागदावर पोटाचं चित्र काढून आपल्याला समजावलं. थोडंफार वर-खाली झालं तर काही बिघडत नाही. पण पुष्कळ वाढलं तर कातडी पुन्हा ताणेल, आत जे स्नायू ओढून शिवले तेही सैल पडतील. पुष्कळ उतरलं तर नव्याने लोंबेल. आणि आतड्यांभोवती जी चरबी साठते तिला ही सुरी लागतच नाही, ती पोटाला आतून ढकलत राहते. तू मान डोलावत होतास. लक्ष मात्र भिंतीवरच्या कॅलेंडरकडे होतं, कारण उद्घाटनाची तारीख छापून झाली होती.

अजून वजन उतरत असताना कापून घेतलंस. कापल्यावर पोस्टरसाठी आणखी उतरवलंस. मग उद्घाटन झालं, हारतुरे झाले, आणि इतके महिने दाबून ठेवलेली भूक वर आली. हे मी आज दुष्टपणाने जुळवून सांगत नाही. तुझ्या पँटी माझ्याकडे येतात, तेव्हा ते सगळं मला दिसतं. शिवताना मी आत कापड ठेवते, म्हणून पँट सोडता येते. डॉक्टरने तुझं जास्तीचं कापून फेकून दिलं, कारण तू त्याला सांगितलंस की यापुढे बदल होणार नाही.

आता माझं ऐक. मी येणार नाही. बाटल्या रिकाम्या करायला नाही, पट्टा बांधायला नाही, काही नाही. तू या पत्राच्या उत्तरात काय लिहितोस यानेही ते बदलणार नाही. पुढच्या रविवारपर्यंत तू ठकीला स्वतः सांगितलं नाहीस तर मी सांगेन. मी तुला शब्द दिला होता, आणि मी दिलेला शब्द मोडणारी बाई नाही हे तुला ठाऊक आहे. त्याच भरवशावर तू इतकी वर्षं स्टेजवर नाचतो आहेस. तर आता ऐकून ठेव, मी तो मोडणार आहे.

आणि हो, उद्घाटनाबद्दल तू लिहिलं आहेस की ते 'कार्यक्रमाचा भाग म्हणून' होतं, मी मनाला लावून घेऊ नये. मी मनाला लावून घेतलेलंच नाही. तेव्हापासून मी कुणाच्या लग्नाकार्याला गेले नाही, ते दुकानात काम फार असतं म्हणून.

ताई

१७ एप्रिल

बारक्या,

रविवार गेला, तू गप्प राहिलास, मी सांगितलं.

सगळं सांगितलं. नळ्या, बाटल्या, पट्टा, तुझं वाकून चालणं, बेंबीभोवतीचे टाके. मला वाटलं, ती रडेल, तुला शिव्या देईल. ती शांतपणे ऐकत होती. संपल्यावर म्हणाली, "मामाने तुला स्टेजवर नेलं ते तुझ्या अजून मनात आहे, हो ना?"

मी म्हटलं, त्याचा इथे काही संबंध नाही.

"आहे. तो म्हणालाच होता मला. घरातली माणसं आधी हसतात, मग जळतात, आणि शेवटी काहीबाही उठवतात." आणि मग माझ्याकडे वरपासून खालपर्यंत पाहून ती म्हणाली, "तू एकदा तरी प्रयत्न केलास का, आई?"

बघ, काय काम करून ठेवलं आहेस. मी साक्षीदार आहे, पण माझ्या अंगावर मांस आहे, म्हणून माझी साक्ष चालत नाही. त्या दिवशी स्टेजवर तू तुझी जाड बहीण दाखवलीस, आणि त्याच वेळी माझ्या तोंडून निघणारा प्रत्येक शब्द खोटा ठरवून ठेवलास. तुला तेव्हा कळत होतं का हे? नसेल. तुझ्यात तेवढी अक्कल असती तर मला तुझा राग आला असता. आता नुसती किळस येते.

भाऊजींनी साक्ष द्यायचा प्रयत्न केला. ते म्हणाले, ऑपरेशन झालं होतं हे खरं आहे, मला माहीत आहे, हर्नियाचं. झालं, उरलंसुरलंही गेलं.

मंगळवारी ठकी ग्रंथालयाच्या जिन्यात चक्कर येऊन पडली. तिथल्या बाईने मला दुकानात फोन केला. मी हातातली कात्री तशीच घेऊन धावले, ते दवाखान्यात पोचल्यावर लक्षात आलं. सलाईन लावलं होतं. तिथल्या डॉक्टरीणबाईंनी मला बाजूला घेऊन विचारलं, ही मुलगी शेवटची पोटभर कधी जेवली? त्या म्हणाल्या, रक्तातले क्षार इतके खाली गेलेत की हृदयाचे ठोके चुकताहेत, पुढच्या वेळी ती जिन्यात पडून नुसती खरचटणार नाही. मी ऐकत होते आणि मला तुझं पोस्टर दिसत होतं.

पलंगावर पडल्या पडल्या ती मला म्हणाली, मामाला कळवू नकोस, त्याला वाटेल मी कच्ची आहे. कपाळाला बँडेज, हाताला सुई, आणि काळजी कशाची तर तुला ती कच्ची वाटेल याची!

म्हणून कळवते आहे. बारक्या, मी तुला या तीन पत्रांत जे जे बोलले त्यातला एक शब्दही मागे घेत नाही. तू भित्रा आहेस, आपमतलबी आहेस, तुझ्या हॉलमधल्या त्या आरशांइतका पोकळ आहेस. पण तिला तुझाच शब्द खरा वाटतो, आणि माझ्यापाशी दुसरा कुणी नाही. मी तुझ्यापुढे पदर पसरते. फोन नको. फोनवर तू काहीतरी वेगळंच बोलशील, मला तू माहीत आहेस. इथे ये. दुकानात ये, पडदा ओढ, आणि तिच्यासमोर शर्ट वर कर. बोलायला जमलं नाही तर बोलू नकोस.

तुझं काय जाईल? हॉल जाईल, पोस्टर जाईल, असं तुला वाटतं. जाईलही. ठकी आज घरी आली आहे, आणि दुपारी समोर ठेवलेल्या ताटातली काकडी तेवढी तिने उचलली.

ताई

११ मे

बारक्या,

तू आलास. येशील असं मला वाटलं नव्हतं. टोपी खाली ओढून, गॉगल लावून, दुकानाच्या मागच्या दाराने आलास, चोरासारखा, पण आलास. ते मी लिहून ठेवते, म्हणजे पुढे मी नाकारणार नाही.

तुझ्या डोळ्यांदेखत जे झालं ते तुला सांगायची गरज नाही, तरी सांगते, कारण तू बहुतेक वेळ जमिनीकडे बघत होतास. तू शर्ट वर केलास. ठकीने वाकून पाहिलं. कमरेच्या एका बाजूपासून दुसऱ्या बाजूपर्यंत गेलेली ती रेघ, वरची घडी, आडवी झालेली बेंबी. तिने विचारलं, हात लावू का? आणि तू हो म्हणालास. तिने बोट लावलं आणि विचारलं, दुखतं का. तू म्हणालास, तिथे काही कळतच नाही, ऑपरेशन झाल्यापासून.

इथपर्यंत तू माणसासारखा वागलास. मग तुला काय सुचलं कोण जाणे. म्हणालास, "ठके, रडू नकोस, तुझंही करून देतो. माझ्या ओळखीत एक आहे, तो वजनाबिजनाचं फार विचारत नाही. पोस्टर लागायच्या आत होऊन जाईल."

ती रडत नव्हती, बारक्या. तूच रडत होतास.

तिने तुला एकच विचारलं. "मामा, तुझं कापून गेलं होतं, तर मी उपाशी कशासाठी राहत होते?" तू टोपी डोक्यावर घातलीस, गॉगल लावलास आणि गाडी चुकेल म्हणून निघालास. मला वाटलं, झालं, माझा भाऊ हा इतकाच. मी तुझ्यामागे दार इतक्या जोरात लावलं की शेजारच्या घड्याळवाल्याने डोकावून पाहिलं.

तू गेल्यानंतरचं तुला माहीत नाही, म्हणून हे पत्र.

ठकी बराच वेळ पडद्याच्या आतच होती. मी मशीनवर बसले आणि एक सरळ शिवण तीनदा उसवली. मग आतून तिचा आवाज आला. "आई, हे माझं असंच राहणार?"

मी म्हटलं, राहील. नको वाटलं तर कापून घेता येतं, पण आधी खाऊन-पिऊन वजन एका जागी बसवावं लागतं, आणि मग चांगल्या डॉक्टरकडे, खरं सांगून. आणि ठेवलंस तरी काही बिघडत नाही. कसंही केलंस तरी त्यात तुझी चूक नाही.

ती बाहेर आली. माझ्याजवळ आली नाही, तुझ्या मनात तसलं काही चित्र आलं असेल तर ते पुसून टाक. मला सॉरीही म्हणाली नाही. सरळ वर घरात गेली. मी दुकान उघडं टाकून मागून गेले. ती ओट्यापाशी उभी राहून दुपारचं उरलेलं ताटात वाढून घेत होती, गार, तसंच. टेबलाशी बसली. पहिला घास तिने इतका वेळ चावला की मला वाटलं आता थुंकणार. गिळला. मग दुसरा. भाऊजी बाहेरून आले, त्यांनी ते पाहिलं आणि चपला पायात तशाच ठेवून समोर बसून राहिले.

अर्धं ताट झाल्यावर ती थांबली. मला वाटलं, संपलं. ती म्हणाली, "आई, मामाला जेवायला थांबवायला हवं होतं."

मी म्हटलं, त्याला कशाला?

"तू त्याचं पोट पाहिलंस, मी त्याचे हात पाहिले. माझे थरथरतात तसेच थरथरत होते. तो आधी उपाशी राहतो, मग कुणी नसताना सगळं खातो, मग पुन्हा उपाशी राहतो. मला माहीत आहे ना ते कसं असतं. कित्येक दिवसांत तो कुणाबरोबर बसून जेवला नसेल."

तुझ्या पँटी मी इतक्यांदा सोडल्या, आत घेतल्या, पुन्हा सोडल्या. प्रत्येक वेळी मनातल्या मनात तुला हसले. हे एकदाही माझ्या डोक्यात आलं नाही.

तिला तुझा राग आहे. गटातून ती बाहेर पडली आहे, आणि सांगते आहे की ते आळसाचं वाक्य तू हॉलवरून उतरवलं नाहीस तर ती तुझ्याशी पुन्हा बोलणार नाही. तेव्हा ते उतरव. त्या न विचारणाऱ्या डॉक्टरचं नाव पुन्हा काढशील तर मी स्वतः तिकडे येऊन तुझ्या हॉलसमोर उभी राहीन, आणि मला बघायला गर्दी जमते हे तुला ठाऊकच आहे. मलाही तू अजून आवडत नाहीस. ते इतक्यात बदलेल असं समजू नकोस.

पण रविवारी ये. पुढच्या दाराने, टोपी न घालता. ठकीने चार ताटं म्हणून सांगितलं आहे. काही बोलला नाहीस तरी चालेल. जेव.

ताई